कॅमेरा एकच होता

चैत्र लागला की आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात दोन वास एकदम उठतात. एक शेतात उपटून टाकलेल्या कांद्याच्या वाळत्या पातीचा आणि दुसरा देवळापुढं बांधलेल्या मांडवाच्या तापलेल्या कापडाचा. माझं निम्मं आयुष्य या दोन वासांच्या मधोमध उभं राहून बोलण्यात गेलं. मी कीर्तनकार आहे. यात्रा आणि सप्ताह हाच माझा हंगाम.

परवा एका गावाच्या सप्ताह मंडळाचा फोन आला. गाव बेल्ह्याच्या अलीकडचं, माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. पलीकडचा पोरगा भलताच उत्साहात होता.

“महाराज, औंदा सहावा दिवस तुमचा. आन कीर्तन केबलवर थेट दाखवायचं ठरलंय. तीन कॅमेरे सांगितल्यात, तीन!”

“बायकांच्या बाजूला किती?” मी विचारलं.

“ते काय इचारलं नाय बा. पर पब्लिकचे शॉट तर पायजेतच. नायतर कीर्तन लई सपक दिसतं, राव.”

‘कळवतो’ म्हणून मी फोन ठेवला. पोराचा दोष नाही. ते सगळं घडलं तेव्हा तो चड्डीत असेल. पण ‘पब्लिकचे शॉट’ हे दोन शब्द कानावर पडले की माझ्या डोक्याची शीर आजही उडते. त्या वर्षी कॅमेरे तीन नव्हते. एकच होता. आणि तो एकच होता, हे मी त्या गावाला आजपर्यंत पटवू शकलेलो नाही.

कीर्तनाला उभा राहण्याआधी मी बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करायचो. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं बोलतात. वर तोंडं अशी, की जणू पावसापाण्याच्या गप्पा चालल्यात. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. बघणारे बघत राहतात, सौदा आत होऊन जातो. माणसाला खरं जे काही द्यायचं-घ्यायचं असतं ते झाकून असतं, हे मी तिथं शिकलो. पुढं कीर्तनाकडं वळलो तेही कुणी बोट धरून वळवलं नाही. ऐकत गेलो, पाठ करत गेलो, मोठ्या बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राहिलो, भांडून पुढं आलो. माईक खरखरला म्हणून मंडळाच्या अध्यक्षाला मी भर मांडवात झापलेलं आहे. लोक मला तापट म्हणतात. म्हणोत.

लोकांची आणखी एक समजूत आहे, की कीर्तनकार म्हटला की तो सिनेमाचा वैरी. टीव्हीला चार शिव्या घातल्या की म्हातारी माणसं माना डोलावतात, हे मलाही ठाऊक आहे. पण मी घालत नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याला कशाला शिव्या घालायच्या? लहानपणी यात्रेत पडद्यावर पिक्चर लागायचा, तेव्हा पुढं जागा मिळाली नाही की आम्ही पडद्याच्या मागं जाऊन बसायचो. मागून सगळं उलटं दिसायचं. मारामारी करणारे सगळे डावखुरे. पाटी वाचता यायची नाही. पण रडू तेवढंच यायचं. उलटं-सुलटं काही असो, माणसाचा चेहरा कापडभर मोठा झाला की काळजाला हात घालतो, हे तेव्हा कळलं.

उभा राहायला लागलो तेव्हा माझ्याकडं तो पडदा नव्हता. माझा चेहरा मोठा कसा करायचा? मग एक युक्ती सापडली. सगळे बुवा रंगात आले की आवाज चढवतात. मी नेमक्या जागी आवाज खाली आणायला लागलो. इतका खाली, की मांडवातली माणसं नकळत पुढं सरकायची. ते सरकणं म्हणजेच माझा मोठा झालेला चेहरा. कुठं थांबायचं, कुठं गोष्ट अर्धी सोडून दुसरीकडं न्यायची, हेही मी पडद्याकडून उचललं. रणात पडलेल्या कोवळ्या पोराची कथा मी सांगायचो. त्यात लढाई मी सांगतच नसे. त्याच्या आईनं घरी ताट वाढून ठेवलंय, एवढंच सांगायचो. या कथेसाठी लोक लांबून यायचे. “महाराज, रडवा,” असं सुपारी देतानाच सांगायचे.

ज्या वर्षाबद्दल लिहितोय, त्या वर्षी माझ्या बहिणीचा मुलगा गेला. तिला सगळे अक्का म्हणत. नवरा आधीच गेलेला, आणि हा एकच मुलगा, विशीतला. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवायचा. पारगावच्या रस्त्याला उसानं भरलेली ट्रॉली उलटली. बाकी काही सांगण्यासारखं नाही. चुलीवर कालवण होतं, ते तसंच राहिलं.

अक्का रडली नाही. माणसं येत होती, बायका गळ्यात पडत होत्या. ती त्यांच्याच पाठीवरून हात फिरवत बसायची. तिच्या चेहऱ्यावरून रडणंही गेलं होतं आणि बाकीचंही सगळं गेलं होतं. पौष गेला, माघ गेला, शिमगा झाला. मी मंचरहून पंधरा दिवसांनी चक्कर मारायचो. ती चहा टाकायची, माझ्या पोराबाळांची विचारपूस करायची, आणि पुन्हा भिंतीकडं बघत बसायची.

चैत्रात तिच्या गावचा सप्ताह. सहावा दिवस माझा. मंडळाच्या अण्णांनी आधीच बजावलं, “महाराज, ते रणातल्या पोराचं घ्याच. औंदा शूटिंग ठरवलंय.”

“माझी बहीण त्या मांडवात बसणार आहे, अण्णा. तिच्यापुढं मी ते सांगू?”

“गाव वाट बघतंय, महाराज. गावाला काय सांगू?”

घासाघीस माझ्या रक्तातच आहे. मी म्हटलं, कथा घेतो, पण शेवटी घेतो, आणि त्याआधी अक्का उठून जाईल. मागं महाप्रसादाचा स्वयंपाक चालू असतो, तिथं ती भाकरीला बसेल. अण्णा कबूल झाले. अक्कालाही सांगून ठेवलं. ती म्हणाली, “बरं.” ती सगळ्यालाच ‘बरं’ म्हणायची तेव्हा.

पण माझा खरा सौदा वेगळाच होता. तो मी रुमालाखाली ठेवला होता. या बाईला एकदा, फक्त एकदा, हसवायचं.

आमच्या वडिलांकडं एक बैल होता, पाखऱ्या. अंगानं देखणा, पण ओढा आला की पाण्यात बसकण मारायचा. शेपूट पिरगाळा, ओरडा, उपयोग नाही. एकदा अशीच गाडी ओढ्यात अडकली. गाडीत बाजाराचं सामान होतं आणि आम्ही दोघं होतो. वडील बैलावर ओरडून दमले. अक्का तेव्हा सात-आठ वर्षांची. ती उतरली, बैलापुढं पाण्यात उभी राहिली आणि भोकाड पसरून रडायला लागली. आणि बैल उठला. चक्क उठून चालायला लागला. पुढं कित्येक महिने ओढा आला की वडील तिला म्हणायचे, “सोने, उतर. रड.”

दृष्टांत म्हणून मी कीर्तनात ही गोष्ट घातली. भाव शुद्ध असला की मुक्या जनावरालाही कळतं, असं काहीतरी तिला जोडलं. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणालो, “आमच्या बापाला वाटलं, बैलाला पोरीची दया आली. दया कसली! बैल उठला, कारण त्याला ते रडणं ऐकवंना. इतकं बेसूर व्हतं!”

मांडव हसला. मी मांडवाकडं बघत नव्हतो. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून बसलेल्या अक्काकडं बघत होतो. आधी तिनं मान खाली घातली. मग पदर तोंडाशी नेला. मग खांदे हलायला लागले. आणि एका क्षणी पदर सरकला आणि मला तिचे दात दिसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती ती. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला असा भाव कुणी दिलेला नाही.

ठरल्याप्रमाणं थोड्या वेळानं ती उठली आणि मागं गेली. मी रणातल्या पोराची कथा लावली. गाव रडलं.

शूटिंग करायला नारायणगावहून विलास नावाचा पोरगा आला होता. लग्नांची कामं करायचा. माणूस वाईट नव्हता. एकाच कॅमेऱ्यावर सगळं उरकायचं, म्हणून तो कधी माझ्यापुढं, कधी गर्दीत, कधी मागं स्वयंपाकाच्या मांडवात असा फिरत होता. महिन्याभरानं कॅसेट तयार झाली. देवळात आरतीनंतर टीव्ही आणि व्हीसीआर मांडून ती गावाला दाखवली. मला बोलावणं होतं, पण त्या संध्याकाळी माझं दुसरीकडं कीर्तन होतं. झालं ते मला नंतर कळलं. कॅसेट पुढं मी स्वतःही पाहिली.

सुरुवातीला हसूच येतं. लग्नाच्या सवयीनं विलासनं माझा चेहरा एका गुलाबाच्या फुलातून उमलवलाय. विणेकरी बदामात दिसतो. पुढं रणातल्या पोराची कथा येते. मी म्हणतो, आईनं ताट वाढून ठेवलंय. मागून सनई सुरू होते. शेवंता दिसते, अक्काची धाकटी जाऊ. डोळ्यांना पदर लावून रडतेय, अगदी हमसून. मग पुन्हा मी. पोर रणात पडलं. आणि मग खांबाला टेकलेली अक्का. पदर तोंडाशी, खांदे हलतायत. मग पदर सरकतो. आणि अख्ख्या गावाला तिचे दात दिसतात.

टीव्हीपुढं एकजण म्हणाली, “आगं बया. ही हसती.”

दुसरी म्हणाली, “पोटचं पोर जाऊन वरीस न्हाय झालं.”

अक्का त्या गर्दीतच मागं बसलेली होती.

मला कळलं तसा मी मोटारसायकलला लाथ मारून निघालो. सरळ नारायणगाव. दुकानात शिरलो आणि विलासची गचांडी धरली.

“महाराज, महाराज, ऐकून तर घ्या! मला वाटलं त्या रडत्यात. खांदे हालत व्हते, डोळ्याला पाणी व्हतं. लहान स्क्रीनवर काय कळतंय? मी रडायचा शॉट म्हणून लावला, देवाशप्पथ!”

मी हात सोडला. खोटं बोलणारा मी लांबून ओळखतो, तो माझा धंदाच होता. हे पोरगं खरं बोलत होतं. मी म्हटलं, “मूळ कॅसेट दे. ज्यावर तू पहिलं शूटिंग केलंस ती. त्यात माझा बैलाचा आवाज असणार आणि तिचं हसणं असणार. ती मी गावाला दाखवतो.”

विलास खाली बघायला लागला. “त्याच्यावर लगीन घेतलं, महाराज. आंबेगाव तालुक्यातलं. लगीनसराईत कॅसेटी पुरत न्हाईत, आमी त्याच फिरवतो.”

त्यानं लावूनही दाखवली. माझी बहीण कितीतरी महिन्यांनी जिथं हसली होती, तिथं आता फेटा बांधलेला एक नवरदेव घोड्यावर बसायला घाबरत होता आणि बँडवाले वाजवत होते.

मग मी शेवंताकडं गेलो. कारण साक्षीला तीच होती. कथेच्या वेळी ती अक्काच्या शेजारी, मागं स्वयंपाकाच्या मांडवात, आमटीसाठी कांदे चिरत होती. कॅसेटमध्ये तिच्या मागं ताडपत्रीचा कोपरा दिसतो, धूर दिसतो. ते हमसून रडणं कांद्याचं होतं.

“शेवंते, तू सांग लोकांना. अक्का मांडवात नव्हतीच. तुझ्याजवळ भाकरी थापत होती.”

शेवंतानं माझ्याकडं असं पाहिलं, की मीच काहीतरी विपरीत बोलतोय. “काय बोलता, दादा? मी मांडवातच व्हते की. लई रडले त्या दिवशी. समद्या गावानं बघितलं.”

“अगं, कांदे चिरत होतीस तू!”

“कांदे आधी चिरले असतील. टीव्हीत दिसतंय ना, मी बसलेली? आन अक्का बी दिसतीया. टीव्ही काय खोटं दावंल व्हय?”

मी पुष्कळ घासाघीस केली. आवाज चढवला, उतरवला. बाई खोटं बोलत नव्हती, हीच पंचाईत. तिला तसंच आठवायला लागलं होतं. तिच्या रडण्याचं गावात कौतुक झालं होतं. बायका म्हणत, शेवंताला बघून आमालाबी रडू आलं. अक्का तिथं नव्हती असं म्हणायचं तर शेवंतालाही तिथून उठावं लागलं असतं. स्वतःचं एवढं गोड रडणं कोण सोडून देईल?

सिनेमाबद्दल, टीव्हीबद्दल मी काय म्हणतो, असं लोक विचारतात, तेव्हा मला शेवंता आठवते. टीव्हीनं पोरं बिघडली, संस्कार गेले, असलं काही मी म्हणत नाही. पडद्यावरच्या गोष्टी खोट्या असतात, यातही काही बिघडत नाही. माझी रणातली कथा तरी मी कुठं डोळ्यांनी बघितलीय? गोष्ट सांगणाऱ्यानं इकडचं तिकडं लावायचंच असतं. पण गोष्टीतलं माणूस पुस्तकात राहतं, पडद्यावर राहतं. माझी बहीण त्या गावात राहत होती. तिला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून पाण्याला जायचं होतं.

पुढच्या चैत्रात त्याच मांडवात मी उभा राहिलो, तो भांडायलाच. कीर्तन मध्येच थांबवलं आणि विचारलं, “मायबाप, एक हिशेब सांगा. कॅमेरे किती व्हते?”

“एक!” पुढची पोरं ओरडली.

“मी बोलत असताना तो माझ्यावर व्हता. मग त्याच वेळी माझ्या बहिणीवर कोण धरून उभं व्हतं? देव?”

मांडव खो-खो हसला. टाळ्या पडल्या. मला वाटलं, पोचलं. पण नंतर पानसुपारी देताना अण्णा म्हणाले, “आजचा इनोद झ्याक व्हता, महाराज. कॅसेटीत घ्यायला पायजे व्हता.” मी बैलाला विकू शकतो, बैलवाल्याला विकू शकतो. त्या दिवशी मला एक साधी खरी गोष्ट विकता आली नाही.

अक्का त्या दिवशी मांडवात नव्हती. कॅसेटनंतर ती कधीच बसली नाही. भाकरीची पाटी घेऊन मागच्या बाजूनं यायची, ठेवायची आणि जायची. माझं कीर्तन ती घरी ओट्यावर बसून, कर्ण्यातून ऐकायची. चेहरा नाही, नुसता आवाज.

एकदा तिच्या ओसरीत बसून मी गावाचा उद्धार करत होतो. ती कांद्याची पात खुडत होती. म्हणाली, “शिवा, कशाला भांडतोस? मी हसले का न्हाय?”

“हसलीस. पण तिथं नव्हतीस ना हसली!”

“कुठं हसले ते कोण इचारतंय? पोर गेल्यावर हसले, येवढंच त्यांनी बघितलं. ते काय खोटं हाय?”

मी तिच्यापुढची एक जुडी ओढून पात खुडायला लागलो.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, “पर बैलाचं तू खोटं सांगितलंस. मी बेसूर नव्हते रडत.”

मी पाहिलं. ती मान खाली घालून पात खुडत होती. तोंडाशी पदर नव्हता, पण हसूही नव्हतं. ते तिनं कुठंतरी आत नेऊन ठेवलं होतं, आणि तिथून ते तिनं परत कुणाला दाखवलं नाही. पुढं चार-पाच वर्षांनी ती गेली. दिवस चैत्राचेच होते, कांदाचाळीत कांदा भरत होते. शेवंता खूप रडली. या वेळी खरंच रडली.

मी त्या गावाला माफ केलेलं नाही. कीर्तनाला जातो, कारण तो ओटा तिथं आहे आणि कर्णे अजून त्याच दिशेला तोंड करून बांधतात. काल मंडळाच्या त्या पोराला फोन करून अटी सांगितल्या. कॅमेरे तीन लावा नाहीतर तीस लावा, बायकांकडं एकही फिरता कामा नये.

“आवो, पर पब्लिकचे शॉट…”

“मग दुसरा महाराज बघा.”

बराच वेळ ओढाताण चालली. शेवटी तो कबूल झाला. वर म्हणाला, “पर त्या बैलाची गोष्ट घ्या, महाराज. आमची म्हातारी लई आठवण काढती.”

“ती मी सांगत नाही,” मी म्हटलं.

हे खरं नाही. सांगतो. कॅसेटची एक प्रत माझ्याकडं आहे आणि व्हीसीआर अजून चालतो. चित्रात आता मुंग्या येतात, माझा गुलाबातला चेहरा हिरवा पडलाय. दुपारी घरात कुणी नसलं की मी कॅसेट लावतो आणि रणातल्या कथेपर्यंत पुढं नेतो. मग टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करतो. सनई बंद, मी बंद. पडद्यावर माझे ओठ हलत असतात, त्यांच्याकडं मी बघत नाही. मी माझी गोष्ट सुरू करतो. ओढा, गाडी, पाण्यात बसलेला पाखऱ्या. कुठून सुरुवात केली की बरोबर पोचते, हे आता बसून गेलंय. शेवंता डोळे पुसते तोवर वडील ओरडून दमलेले असतात. मग खांब दिसतो, खांबाला टेकलेली अक्का दिसते. मी आवाज खाली आणतो, अगदी खाली. इतकं बेसूर व्हतं, म्हणतो. आणि तिचा पदर सरकतो.